‘इतकेच नाही’ : ईश्वरज्ञानाची मर्यादा – गझाली आणि रामानुज



धर्माच्या तत्त्वज्ञानावरील उत्तरांमध्ये एक विधान वारंवार केले जाते. इस्लाममध्ये ईश्वर निर्गुण आणि अज्ञेय आहे, तर हिंदू भक्तिपरंपरेत तो सगुण आणि ज्ञेय आहे, असे ते विधान. ते पाठ करायला सोपे आहे आणि तुलनेच्या प्रश्नात दोन रकाने भरून टाकायला सोयीचेही आहे. पण ते दोन्ही बाजूंनी चुकीचे आहे. इस्लामी परंपरेत ईश्वराची नव्याण्णव नावे सांगितली आहेत आणि त्यांतली बहुतेक गुणवाचक आहेत. उलट, ‘नेति नेति’ ही निषेधाची भाषा उपनिषदांतली आहे. ईश्वराविषयी काय म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही, हा वाद या दोन धर्मांच्या दरम्यान झालेला नाही. तो प्रत्येक परंपरेच्या आतच झाला आहे. प्रस्तुत टिपणात आपण हा वाद दोन विचारवंतांच्या आधारे तपासणार आहोत : तूस येथील अल्-गझाली आणि श्रीपेरुंबुदूरचे रामानुज.

१. दोन गावे, एक काळ

श्रीपेरुंबुदूर हे गाव चेन्नईपासून साधारण ४० किलोमीटरवर, बंगळूरुकडे जाणाऱ्या महामार्गावर आहे. आज ते वाहनांच्या कारखान्यांमुळे आणि २१ मे १९९१ रोजी तेथे झालेल्या राजीव गांधींच्या हत्येमुळे ओळखले जाते. वैष्णव परंपरेत मात्र ते रामानुजांचे जन्मस्थान आहे. परंपरेनुसार त्यांचा जन्म १०१७ सालचा आणि मृत्यू ११३७ सालचा. १२० वर्षांचे हे आयुष्य सर्वच अभ्यासक मान्य करत नाहीत, पण अकराव्या शतकाचा उत्तरार्ध आणि बाराव्याचा पूर्वार्ध हा त्यांचा कार्यकाळ याबद्दल फारसा वाद नाही. गावातील आदिकेशव पेरुमाळ मंदिरात रामानुजांची उत्सवमूर्ती आहे. तिला तमिळमध्ये ‘तान् उगंद तिरुमेनी’ म्हणजे ‘त्यांना स्वतःला आवडलेली मूर्ती’ असे म्हणतात. ही मूर्ती रामानुजांनी हयातीतच पाहिली आणि पसंत केली, अशी श्रद्धा आहे.

अबू हामिद अल्-गझाली १०५८ साली इराणमधील तूस येथे जन्मले आणि ११११ साली तेथेच वारले. १०९१ साली ते बगदादच्या निझामिया मदरशात अध्यापक झाले. चारच वर्षांनी, १०९५ साली, ते पद सोडून ते बाहेर पडले. त्याच सुमारास त्यांचा ‘तहाफुत अल्-फलासिफा’ म्हणजे ‘तत्त्वज्ञांची विसंगती’ हा ग्रंथ पूर्ण झाला होता.

म्हणजे हे दोघे समकालीन होते. त्यांनी एकमेकांचे नावही ऐकले असेल असे मानायला काही आधार नाही. तरीही दोघांच्या समोर एकाच स्वरूपाचा प्रतिपक्ष उभा होता. ईश्वराचे एकत्व इतके शुद्ध ठेवायचे की त्याला कोणताही गुण चिकटू द्यायचा नाही, असे म्हणणारा हा पक्ष. गझालींसाठी तो इब्न सीना आणि अल्-फाराबी यांचा, तर रामानुजांसाठी केवलाद्वैती वेदान्त्यांचा. दोघांचीही मूळ चिंता एकच होती : ज्याच्याविषयी काहीच म्हणता येत नाही, त्याची प्रार्थना कशी करायची?

२. इस्लामी विचारातील पेच

कुराणातील ४२ व्या सूरेच्या ११ व्या आयतीत दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. ईश्वरासारखे दुसरे काही नाही हे पहिले, आणि तो ऐकतो व पाहतो हे दुसरे. पहिल्या विधानातून ‘तनझीह’चा, म्हणजे ईश्वराला सर्व सादृश्यांपासून अलिप्त ठेवण्याचा विचार वाढला. दुसऱ्यातून ‘तश्बीह’चा, म्हणजे सादृश्याने बोलण्याचा. कुराणात ईश्वराचा हात, चेहरा, सिंहासन असे उल्लेखही आहेत. त्यांचे काय करायचे, हा पुढचा प्रश्न.

मुअतझिला पंथाने तनझीहची बाजू टोकाला नेली. ज्ञान, सामर्थ्य, इच्छा हे ईश्वराहून वेगळे आणि अनादी गुण मानले, तर एकाऐवजी अनेक अनादी तत्त्वे मानावी लागतील आणि एकेश्वरवादच मोडेल, असे त्यांचे म्हणणे. अशअरींनी (मृत्यू सुमारे ९३५) याला उत्तर दिले. त्यांच्या संप्रदायाने पुढे सूत्र बांधले की गुण हे ईश्वरही नाहीत आणि ईश्वराहून अन्यही नाहीत. हात आणि चेहरा यांविषयी भूमिका ‘बिला कैफ’ अशी : ते आहे असे माना, कसे आहे ते विचारू नका. या भूमिकेचे मूळ मदिनेचे फकीह मालिक इब्न अनस (मृत्यू ७९५) यांच्यापर्यंत नेले जाते.

‘कसे ते विचारू नका’ हे उत्तर ऐकून तुम्हाला वाटेल की ही पळवाट आहे. काही अंशी ते खरे आहे. पण तिच्यामागे एक विचार आहे. शब्द टिकवायचा, पण त्याला आपल्या शरीराचे चित्र चिकटवायचे नाही. शब्द टाकून दिला तर धर्मग्रंथ रिकामा होतो आणि चित्र चिकटवले तर ईश्वर माणसासारखा होतो.

इब्न सीनांनी (९८०–१०३७) हा पेच वेगळ्या मार्गाने सोडवला. त्यांच्या मते ईश्वर म्हणजे ‘वाजिब अल्-वुजूद’, ज्याचे अस्तित्व अनिवार्य आहे असे तत्त्व. व्याख्या करण्यासाठी जाती आणि व्यवच्छेदक धर्म लागतात. या तत्त्वाला ते दोन्ही नाहीत, म्हणून त्याची व्याख्या होत नाही. मग ‘तो ज्ञानी आहे’, ‘तो एक आहे’ या विधानांचा अर्थ काय? इब्न सीनांच्या मते ती एकतर निषेध सांगतात किंवा संबंध सांगतात. ‘एक’ म्हणजे त्याचे विभाजन होत नाही. ‘आद्य’ म्हणजे इतर सर्व त्याच्यापासून आहे. त्याच्या स्वरूपात बहुत्व आणणारे काहीही आपण म्हणत नाही.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. इब्न सीनांच्या मते ईश्वर *आहे* हे बुद्धी निश्चितपणे सिद्ध करू शकते. तो *काय आहे* हे मात्र बुद्धीच्या पकडीत येत नाही.

३. गझालींचा आक्षेप

‘तहाफुत’मध्ये गझाली वीस प्रश्न घेतात. आपल्या विषयासाठी त्यांतले तीन गट महत्त्वाचे आहेत.

चौथ्या आणि पाचव्या प्रश्नांत ते म्हणतात की जगाचा कर्ता आहे आणि तो एकच आहे, या दोन्ही गोष्टी तत्त्वज्ञांना त्यांच्याच गृहीतकांवरून सिद्ध करता येत नाहीत. हे कर्त्याचे अस्तित्व नाकारणे नव्हे. सिद्धतेचा दावा करणाऱ्यांनी ती प्रत्यक्षात दिलेली नाही, एवढेच त्यांना दाखवायचे आहे.

सहावा प्रश्न गुणांचा आहे. ईश्वराला गुण मानले तर ‘अनिवार्य’ तत्त्वात बहुत्व येते, असा तत्त्वज्ञांचा युक्तिवाद. गझाली विचारतात : ‘अनिवार्य’ म्हणजे काय? ज्याला निर्माण करणारे कारण नाही ते. मग ईश्वराचे गुणही अनादी आणि कारणरहित आहेत असे मानायला अडचण कोणती? गुण ईश्वराच्या आश्रयाने असतात, एवढ्यावरून ते कोणी निर्माण केलेले ठरत नाहीत. ‘अनिवार्य’ या शब्दात ‘गुणरहित’ हा अर्थ तुम्हीच नकळत घातला आहे, असा हा आक्षेप आहे.

तेरावा प्रश्न ईश्वराला व्यक्तिगत घटनांचे ज्ञान आहे की नाही, हा. इब्न सीनांनी ग्रहणाचे उदाहरण दिले होते. ग्रहण होणार आहे, होत आहे, होऊन गेले, असे आपले ज्ञान बदलते. ईश्वराचे ज्ञान बदलत नाही, म्हणून त्याला ग्रहण सामान्य नियमांच्या रूपाने कळते. गझालींच्या मते याचा परिणाम भयंकर आहे. मग एखादा माणूस आज्ञा पाळतो की मोडतो, हे त्या माणसाविषयी म्हणून ईश्वराला कळणारच नाही. पाप, पुण्य, प्रार्थना, क्षमा या साऱ्यांचा आधारच जाईल. तहाफुतच्या शेवटी ज्या तीन मतांना गझाली श्रद्धाभंग ठरवतात, त्यांत हे एक आहे. पूर्णतेच्या आग्रहापायी तुमचा ईश्वर तुम्हाला ओळखेनासा झाला, असे ते एका अर्थी तत्त्वज्ञांना सांगत आहेत.

मात्र गझाली स्वतः ईश्वर सहज कळतो असे म्हणत नाहीत. ईश्वराच्या नावांवरील ‘अल्-मक्सद अल्-अस्ना’ या ग्रंथात ते स्पष्ट सांगतात की ईश्वराला खऱ्या अर्थाने ईश्वरच जाणतो. आपल्याला त्याचे ज्ञान होते ते आपल्याच गुणांच्या उपमेने. ज्याला एखाद्या सुखाचा अनुभवच नाही, त्याला आपण ‘ते साखरेसारखे गोड असते’ असे सांगतो. त्याला काहीतरी कळते, पण ते सुख कळत नाही. मग सर्वांचे अज्ञान सारखेच का? नाही, असे गझाली म्हणतात. इमाम शाफिई यांना त्यांच्या दाराशी बसणारा द्वारपालही ओळखत होता आणि त्यांचा शिष्य मुझनीही. दोघांच्या ओळखीत अंतर होते, कारण शिष्याला गुरूच्या विद्येचा विस्तार माहीत होता. तसेच सृष्टीतील ईश्वराची कृती जो अधिक जाणतो, तो ईश्वराला अधिक जाणतो.

४. रामानुजांचे उत्तर

रामानुजांच्या चरित्रपरंपरेत एक कथा आहे. कांचीला ते यादवप्रकाश नावाच्या गुरूंकडे शिकत होते. छांदोग्य उपनिषदात परमपुरुषाच्या डोळ्यांचे वर्णन करताना ‘कप्यास’ असा शब्द येतो. गुरूंनी त्याचा अर्थ माकडाच्या बैठकीचा लालसर भाग असा लावला. तेव्हा गुरूंना तेल लावत असलेल्या रामानुजांच्या डोळ्यांतून पाणी आले. पुढे ‘वेदार्थसंग्रह’ या ग्रंथात त्यांनी त्याच शब्दाचा अर्थ सूर्यकिरणांनी उमललेले कमळ असा दिला. कथा ऐतिहासिक आहे की नाही, हे बाजूला ठेवा. तिच्यातला प्रश्न अशअरींच्या प्रश्नाजवळचाच आहे : ईश्वराच्या डोळ्यांविषयी ग्रंथ बोलतो, तेव्हा ते शब्द आपण कसे घ्यायचे? मात्र उत्तराची दिशा वेगळी आहे. अशअरी ‘कसे’ हा प्रश्न थांबवतात, तर रामानुज ईश्वराच्या योग्यतेची उपमा शोधतात.

यामागे सिद्धान्त आहे. ‘श्रीभाष्या’च्या आरंभीच रामानुज म्हणतात की निर्विशेष, म्हणजे कोणताही विशेष नसलेली वस्तू सिद्ध करणारे प्रमाणच नाही. प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द या तिन्ही प्रमाणांनी वस्तू कळते ती नेहमी कोणत्यातरी विशेषासह. ‘हे असे आहे’ हाच ज्ञानाचा आकार आहे. ब्रह्माला सत्य, ज्ञान आणि अनंत म्हटले जाते, तेव्हा तीन भिन्न अर्थांचे शब्द एकाच वस्तूकडे निर्देश करतात. ती वस्तू एकच राहते, पण या तिन्ही विशेषांनी युक्त राहते.

मग ‘नेति नेति’चे काय? बृहदारण्यक उपनिषदात ब्रह्माची मूर्त आणि अमूर्त अशी दोन रूपे सांगितल्यानंतर हा निषेध येतो. रामानुज विचारतात : आधी स्वतःच रूपे सांगायची आणि लगेच ती खोटी म्हणून पुसायची, असे श्रुती का करील? ब्रह्मसूत्रांतील ‘एतावत्त्व’ या शब्दाच्या आधारे ते म्हणतात की येथे रूपांचा निषेध नाही, ‘एवढेपणा’चा निषेध आहे. ‘असा नाही’ असे श्रुतीला म्हणायचे नाही, ‘इतकाच नाही’ असे म्हणायचे आहे. पुरावा म्हणून ते दाखवतात की निषेधानंतरही उपनिषद थांबत नाही. ब्रह्माविषयी आणखी सांगतेच. तैत्तिरीय उपनिषदात वाणी ब्रह्मापासून परत फिरते असे म्हटले आहे, त्याचाही अर्थ ते असाच लावतात. वाणी परतते, कारण मोजायला गेल्यावर आनंद संपत नाही. तिथे काहीच नव्हते म्हणून ती परतत नाही.

आता एक अनपेक्षित गोष्ट पाहा. इतके सगुणवादी असूनही, बुद्धीच्या बळावर ईश्वर सिद्ध होतो हे रामानुजांना मान्य नाही. ‘शास्त्रयोनित्वात्’ या सूत्रावरील भाष्यात ते नैयायिकांचे अनुमान तपासतात. घडा आहे म्हणजे कुंभार आहे, तसे जग आहे म्हणजे कर्ता आहे, हे ते अनुमान. रामानुजांचे आक्षेप असे : जग एकाच वेळी निर्माण झाले हे कोणी पाहिले? ते एकानेच केले कशावरून? आणि कुंभाराच्या उदाहरणावरून कर्ता सिद्ध केला, तर तोही शरीर असलेला आणि मर्यादित शक्तीचाच ठरेल. म्हणून ब्रह्म केवळ शास्त्रानेच कळते.

५. तुलना : साम्य कुठे, फरक कुठे

साम्य तुमच्या लक्षात आलेच असेल. दोघांनीही गुण नाकारणाऱ्यांचा प्रतिवाद केला. दोघांनीही बुद्धीचा सिद्धतेचा दावा तपासून अपुरा ठरवला, आणि ते काम बुद्धीच्याच साधनांनी केले. शेवटी दोघेही केवळ तर्कावर थांबले नाहीत. गझाली सूफी साधनेकडे वळले. रामानुजांनी ज्ञानाचा अर्थच उपासना असा केला : तेलाच्या धारेसारखी न तुटणारी, प्रेमाने भरलेली स्मृती.

फरक मर्यादेच्या स्वरूपाचा आहे. गझालींच्या मते आपली मर्यादा निर्मित असण्यातूनच येते. निर्मात्याचे स्वरूप निर्मिताला कधीच पूर्ण कळणार नाही. रामानुजांच्या मते जीवाचे ज्ञान कर्मामुळे आकुंचित झाले आहे आणि मुक्तीत ते पूर्ण विकसित होते. तरीही मुक्त जीव ईश्वर होत नाही. जगाचे नियमन करण्याचे सामर्थ्य त्याला मिळत नाही, असे ते ब्रह्मसूत्रांच्या शेवटच्या पादात सांगतात. म्हणजे गझालींकडे सीमा ज्ञानातच आहे, तर रामानुजांकडे ती ज्ञानापेक्षा सामर्थ्यात आणि स्वातंत्र्यात आहे.

६. चिकित्सा

आता या दोन्ही भूमिकांत कच्चे दुवे कोणते ते पाहू.

गझालींच्या दोन उदाहरणांचे परस्परांशी पटत नाही. साखरेच्या उदाहरणात ऐकणाऱ्याला खरी गोष्ट मुळीच कळत नाही. द्वारपाल आणि शिष्य यांच्या उदाहरणात मात्र कमी-अधिक ज्ञान आहे. शिष्य गुरूला अधिक ओळखतो, कारण त्या विद्येचा काही अंश त्याच्याकडेही आहे. म्हणजे काहीतरी समान आहे. ईश्वर आणि माणूस यांच्यात खरे सादृश्य काहीच नसेल, तर ‘अधिक जाणणे’ कशाच्या मापाने मोजायचे? ज्ञानाच्या पायऱ्या मानायच्या तर थोडे सादृश्य मानावे लागते, आणि सादृश्य पूर्ण नाकारायचे तर पायऱ्या सोडाव्या लागतात. इब्न रुश्द (११२६–११९८) यांनी हीच दुखरी जागा दुसऱ्या बाजूने दाबली. आपले ज्ञान वस्तूंमुळे होते आणि वस्तू ईश्वराच्या ज्ञानामुळे होतात. म्हणून त्याचे ज्ञान सामान्य की विशेष, हा प्रश्नच गैरलागू आहे. दोन्हींना ‘ज्ञान’ म्हणणे हे केवळ शब्दसाम्य आहे. हे उत्तर गझालींचा तेरावा आक्षेप टाळते, पण त्याची किंमत मोठी आहे. शब्दच तेवढा समान असेल तर ‘ईश्वर मला जाणतो’ या वाक्यात भक्ताला हवा असलेला दिलासा उरतो का?

रामानुजांचा कच्चा दुवा वेगळा आहे. आपले सर्व ज्ञान सविशेष असते, हे मान्य करू. त्यावरून एवढेच ठरते की निर्विशेष वस्तू आपल्याला *विषय म्हणून* कळणार नाही. ती नाहीच, हे ठरत नाही. अद्वैती नेमके हेच उत्तर देईल : ब्रह्म ज्ञानाचा विषय नाही, असे तर आम्हीच म्हणतो. म्हणजे ज्ञानाच्या घडणीवरून अस्तित्वाच्या घडणीकडे जाताना रामानुजांना शास्त्राचा आधार घ्यावाच लागतो. आणि शास्त्राचा अर्थ कसा लावायचा हाच तर मूळ वाद आहे. तरीही त्यांच्या ‘इतकेच नाही’ या वाचनाचे एक बळ मान्य केले पाहिजे. त्यात मर्यादा कबूल होते आणि भाषाही वाया जात नाही. ‘ईश्वर दयाळू आहे’ हे वाक्य खरे राहते. ते पुरेसे आहे असा दावा मात्र कोणी करू शकत नाही.

माझ्या मते या तुलनेतून मिळणारा सर्वांत उपयोगी भेद हाच आहे. ‘आम्हाला ईश्वर कळत नाही’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. एक, त्याच्याविषयी खरे असे काहीच म्हणता येत नाही. दोन, जे म्हणतो ते खरे असले तरी पुरे पडत नाही. पुढच्या वेळी ‘अज्ञेय’ हा शब्द लिहिताना यांपैकी कोणता अर्थ अभिप्रेत आहे ते स्पष्ट करा. निम्मा गोंधळ तेथेच दूर होईल.

७. प्रभावाविषयी एक सावधगिरी

साम्य दिसले की ‘कोणी कोणाकडून घेतले’ हा प्रश्न येतो. इतिहासकार ताराचंद यांनी ‘इन्फ्लुअन्स ऑफ इस्लाम ऑन इंडियन कल्चर’ या ग्रंथात दक्षिणेतील भक्तिविचारावर इस्लामचा प्रभाव असण्याची शक्यता मांडली होती. दक्षिणेच्या किनाऱ्यांवर अरब व्यापारी होते, हे खरे. पण रामानुजांच्या शरणागतीच्या विचाराला घरचे मूळ आहे : त्यांच्या आधीचे आळ्वार संत, त्यांची पदे संकलित करणारे नाथमुनी आणि नंतरचे यामुनाचार्य. हे मूळ असताना बाहेरचा प्रभाव मानायला स्वतंत्र पुरावा लागेल. मेलकोटे येथे सुलतानाच्या मुलीची, बीबी नाच्चियारची, कथा सांगतात. विष्णूच्या मूर्तीवर जीव जडलेली ही राजकन्या तेथे पूजनीय आहे. कथेत रामानुज ती मूर्ती आणायला दिल्लीच्या सुलतानाकडे जातात. पण दिल्लीची सुलतानशाही १२०६ साली सुरू झाली. म्हणून कथा इतिहास म्हणून वापरता येणार नाही. दोन समाजांनी एकमेकांचा विचार कसा केला, याची साक्ष म्हणून मात्र ती मोलाची आहे.

प्रत्यक्ष भेटीचे उदाहरण हवे असेल तर ते महाराष्ट्रात सापडते. सतराव्या शतकात श्रीगोंदे येथील शेख महंमद यांनी ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ मराठीत, ओवीत आणि वेदान्ताच्या परिभाषेत लिहिला. स्वतःला ‘अविंध’ म्हणवणारा हा मुसलमान संत ईश्वराविषयी बोलताना परब्रह्माची भाषा वापरतो. टिपणाच्या आरंभी दिलेल्या दोन रकान्यांपैकी कोणत्या रकान्यात त्यांना बसवाल?

विचारासाठी प्रश्न

१. ईश्वराचे गुण कारणरहित मानले तर एकेश्वरवाद टिकतो का? गझालींच्या सहाव्या प्रश्नाच्या आधारे मुअतझिला पक्षाला उत्तर लिहा, आणि मग त्या उत्तरावर मुअतझिला काय म्हणतील तेही लिहा.

२. ‘नेति नेति’चा केवलाद्वैती अर्थ आणि रामानुजांचा अर्थ यांतील कोणता अर्थ त्या उपनिषदातील मागच्या-पुढच्या संदर्भाशी अधिक जुळतो? मूळ भाग वाचून ठरवा.

३. बुद्धी ईश्वर सिद्ध करू शकत नाही, असे म्हणणारा विचारवंत अपरिहार्यपणे अज्ञेयवादी ठरतो का?